बाल्कनीतला शून्य कचरा

मंगळवार, ४ मार्च. सकाळी पाणी उशिरा आलं. पडदे भिजवले, पण वाळत घालायला जागा नाही, म्हणून भिजतच राहिले. दुपारी वाचनालयाचं पुस्तक बदलून आणलं. संध्याकाळी बाळ कामावरून आला, चेहरा उजळलेला आणि हातात तीच फुगलेली पिशवी. शुक्रवारी त्याच्या मॅडम फोटो काढायला आपल्या घरी येणार आहेत म्हणे. पाठोपाठ त्याच्या कारखान्यातला फोरमन आला आणि भांडून गेला. डोकं दुखतंय.

हे मी त्या दिवशी लिहिलं. आमच्या शाळेतल्या सिस्टर झोपण्याआधी दिवस लिहून काढायला लावायच्या, ती सवय अजून आहे. पण बाळाबद्दल लिहायचं तर एवढ्यावर भागत नाही.

बाळ हा माझा धाकटा भाऊ. साठीला टेकलाय, डोक्यावर केस नाहीत, गुडघे कुरकुरतात, तरी घरात तो बाळच. लग्न केलं नाही. आमचे हे गेल्यावर तो माझ्याकडे राहायला आला. 'ताई, तुला सोबत होईल' असं म्हणाला. सोबत होते, यात वाद नाही. पण या माणसाने आयुष्यात कुणालाही वाईट बातमी दिलेली नाही, आणि असा माणूस घरात असला की घरच्यांच्या नाकी नऊ येतात.

शाळेत असताना तो गणितात नापास झाला, तेव्हा वडील रोज विचारायचे, 'निकाल लागला का रे?' हा रोज सांगायचा, 'अजून नाही.' शेवटी पुढच्या वर्षाची पुस्तकं घ्यायची वेळ आली, तेव्हा वडील स्वतः शाळेत गेले. ह्यांच्या आजारपणात रिपोर्ट आणायला मी त्याला पाठवलं. परत येऊन म्हणाला, 'डॉक्टर म्हणाले, आराम करा.' डॉक्टर आणखी बरंच काही म्हणाले होते. ते मला दुसऱ्या दिवशी फोनवर कळलं. जाब विचारला तर म्हणतो, 'तू जेवत होतीस ग. जेवताना कसं सांगायचं?' त्याच्या लेखी माणूस नेहमी जेवतच असतो.

नोकरी बटणांच्या कारखान्यात. शर्टाची, कोटाची, लहान मुलांच्या झबल्यांची, सगळी बटणं तिथे होतात. रसायन ओतून रंगीत शीट तयार करतात, शीटमधून गोल चकत्या पाडतात, चकत्यांना भोकं पाडून त्या पिंपात घोळवून चकचकीत करतात. चकत्या काढून घेतल्यावर शीटची जी चाळण उरते तिला कारखान्यात जाळी म्हणतात. बाळ तिथे स्टोअरचा सुपरवायझर. पोरगेला होता तेव्हा लागला, तो तिथेच मुरला.

कारखाना उभा केला तो मोठ्या साहेबांनी. ते रोज सकाळी मशीनांमधून फिरताना बाही सरसावून कचऱ्याच्या पिंपात हात घालायचे. मूठभर जाळी वर काढायची, दोन भोकांमधली जागा बघायची, आणि ती जास्त दिसली की ज्याचं मशीन असेल त्याचा तिथेच उद्धार करायचा. त्यांना पर्यावरणाचं काही पडलेलं नव्हतं. माल वाया जातो याचा राग यायचा, इतकंच.

आता त्यांची मुलगी बघते सगळं. त्याच बाळाच्या मॅडम. बाई मनापासून करते, हे मी आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला वाटेल मी तिच्यावर डूख धरून आहे. पूर्वी कारखान्याचं रंगीत पाणी सरळ नाल्यात जायचं. ते तिने थांबवलं, आणि त्यासाठी स्वतःची गाडी विकली. आवारात जाळी जाळायचे, तो काळा धूर बंद केला. कामगार तिला मानतात. पण एका परिषदेला जाऊन आली आणि तिथून दिवा घेऊन आली.

म्हणजे झालं असं, की तिने जाहीर केलं, 'यापुढे आपल्या कारखान्यातून कचरा म्हणून काहीही बाहेर जाणार नाही. शून्य.' मागच्या गेटवर कचऱ्याच्या गाड्यांसाठी वजनकाटा आहे. त्या काट्याला तिने एक दिवा जोडून घेतला आणि तो समोरच्या दालनात लावला, पाहुणे जिथे बसतात तिथे. काट्यावर कचरा चढला की दिवा लाल, नाही चढला की हिरवा. तिच्या खोलीच्या काचेतून तो दिसतो.

सुरुवातीला खरंच चांगलं चाललं होतं. भोकं जवळजवळ पाडायला लागले, जाळी कमी झाली. उरलेली एक फरशीवाला घेऊन जायचा, फरशीत भर म्हणून घालायला. विकलेला माल काही कचरा नव्हे, त्यामुळे दिवा हिरवा. मग त्या फरशीवाल्याने धंदाच गुंडाळला. जाळी साचायला लागली. कचऱ्याच्या गाडीत घालावी तर दिवा लाल होणार, आणि मॅडम दर सोमवारच्या सभेत सांगत होत्या की हा दिवा म्हणजे आपली अब्रू.

अशा वेळी सरळ मनुष्य काय करेल? वर जाऊन सांगेल की बाई, फरशीवाला गेला. आमच्या बाळाने काय केलं? जाळी पिशवीत भरून घरी आणली.

'चार दिवसांचा प्रश्न आहे ग, ताई. दुसरा कुणी मिळेपर्यंत.'

तो दुसरा कुणी आजतागायत मिळालेला नाही. बाळाचं बघून चकत्या पाडणारी पंचिंगची माणसं डब्याच्या पिशवीतून थोडी थोडी न्यायला लागली. फोरमनच्या घरचा दिवाण जाळीने भरला, गाद्या ठेवायला जागा उरली नाही म्हणून त्याची बायको रोज करवादते. बटणं चोरीला जाऊ नयेत म्हणून पुढच्या गेटवर जो गार्ड सगळ्यांच्या पिशव्या तपासतो, तो पिशवीत जाळी दिसली की सलाम ठोकायचा. कुणी कुणाला सांगितलं नाही, ठरवलं नाही. सगळ्यांना मॅडमचं मन राखायचं होतं आणि दिवा हिरवा ठेवायचा होता. पिशवी काही काट्यावर चढत नाही.

आमची मागची बाल्कनी भरली. नायलॉनची पोती एकावर एक. लाल, मोरपंखी, हस्तिदंती. उन्हात त्यांना औषधासारखा उग्र वास येतो. बाळाच्या मनाला ते लागत असावं, कारण तो त्या जाळीचा उपयोग शोधत बसायचा. साबणाखाली जाळी. कुंडीखाली जाळी. वेलीला आधार म्हणून जाळी. आमच्याकडे एकच वेल आहे, आणि तिला एवढा आधार झाला की ती दिसेनाशी झाली. मग शेजाऱ्यांना वाटायला निघाला. समोरच्या बाई मला जिन्यात म्हणाल्या, 'तुमच्या भावाला सांगा, आम्हाला खरंच आणखी नको.' मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

मी बोलत नव्हते असं नाही. रोज बोलत होते.

'बाळ, हा कारखान्याचा कचरा आहे.'

'कचरा कसा? गेटवर कचरा शून्य आहे.'

'मग माझ्या बाल्कनीत काय आहे?'

'ते… साठवलेलं आहे.'

अशा माणसाशी काय बोलणार!

तर त्या मंगळवारी तो उजळलेल्या चेहऱ्याने आला आणि म्हणाला, 'ताई, शुक्रवारी मॅडम येणार आहेत आपल्याकडे. त्यांच्या शाश्वततेच्या अहवालात या वर्षी कामगारांचे त्यांच्या घरी काढलेले फोटो घालायचेत. पहिला माझा. शून्य कचरा माझ्यामुळे झाला म्हणाल्या.'

मी हातातला चहा खाली ठेवला. 'तू काय म्हणालास?'

'हो मॅडम म्हणालो.'

'आणि बाल्कनी?'

'पडदा लावू ना.'

'पडदे भिजवलेत मी.'

तेवढ्यात दारावर थाप पडली. फोरमन होता. तो बोलायचं असलं तर बेलपर्यंत थांबत नाही. आत आला तो उभ्या उभ्याच सुरू झाला.

'काका, तुम्ही हो मॅडम म्हणालात?'

तेव्हा मला कळलं की बाळाने अर्धीच बातमी सांगितली होती. चांगली अर्धी.

गोष्ट अशी. या फोरमनने गेलं वर्षभर डोकं लावून एक रस्ता काढला होता. जाळी बारीक दळायची आणि ती पूड नव्या शीटच्या रसायनात कालवायची. गडद रंगांना ती चालते, त्याने करून पाहिलं होतं. त्यासाठी एक यंत्र हवं होतं, ज्याला ते सगळे चक्की म्हणतात. मॅडमनी ती मंजूर केली होती, ऑर्डर गेली होती. चक्की आली की जाळी पुन्हा बटण होणार आणि पिशव्या संपणार. आणि आता मॅडम म्हणाल्या होत्या की दिवा इतके महिने सलग हिरवा आहे, कचरा नाहीच, तर चक्की कशाला? शनिवारच्या बैठकीत ती ऑर्डर रद्द करायची आणि ते पैसे छपरावरच्या सोलरला लावायचे. हे त्यांनी बाळाला समोर बसवून विचारलं होतं, 'बरोबर ना, काका?' आणि आमचं हे ध्यान 'हो मॅडम' म्हणून आलं होतं.

'चक्की गेली तर ही जाळी आम्ही जन्मभर घरी न्यायची का?' फोरमन ओरडत होता. 'बायको मला दिवाणात कोंबेल आता.'

'मग तुम्ही सांगा ना मॅडमना,' बाळ म्हणाला. 'चक्की तुमची आहे.'

'कचरा तुमच्या खात्यात येतो. रोज संध्याकाळी शून्य कोण कळवतं? मी का?'

'तुम्हीपण नेताच की घरी.'

'तुमचं बघून नेतो! तुम्ही सीनियर!'

'सीनियर आहे म्हणून तर. सहा महिन्यांत रिटायर होतोय मी. आत्ता तोंड घेऊन कसा जाऊ? त्यांनी विश्वास टाकलाय.'

'त्या विश्वासावर गाद्या ठेवू का मी?'

बाळाने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी वडील ओरडायला लागले की असाच बघायचा. मी म्हटलं, 'माझ्याकडे बघू नकोस. मी तुझ्या मॅडमना ओळखत नाही.' फोरमन चप्पल घालताना म्हणाला, 'मावशी, तुम्हीच काहीतरी करा,' आणि गेला. म्हणजे आता तेही माझ्याच गळ्यात.

बुधवारी बाळ म्हणाला, आज सांगतो. संध्याकाळी म्हणाला, त्या फोनवर होत्या. गुरुवारी म्हणाला, आज नक्की. संध्याकाळी म्हणाला, त्यांचा मूड फार छान होता ग. मी कपाळावर हात मारून घेतला. मूड वाईट असता तर म्हणाला असता, मूड वाईट होता. गुरुवारी त्याने सगळी पोती एका बाजूला सारून त्यांच्यावर जुनी चादर टाकली आणि चादरीवर कुंडी ठेवली. लांबून ते कुणीतरी पांघरूण घेऊन निजल्यासारखं दिसत होतं.

'हे बघ,' मी त्याला म्हटलं, 'उद्या ती येईल. मी खोटं बोलणार नाही आणि चुगलीही करणार नाही. मी चहा करायला आत जाईन. मी बाहेर येईपर्यंत तुला जे सांगायचं ते सांग. नाही सांगितलंस तर बाल्कनीचं दार मी उघडेन, आणि मग मात्र तू तोंड उघडायचं नाहीस.'

'ताई, असं ग काय करतेस!'

'असंच करते.'

शुक्रवारी मॅडम वेळेवर आल्या. साधी सुती ओढणी, केस मागे बांधलेले, हातात आपली स्टीलची पाण्याची बाटली. पाठीमागे कॅमेरावाला. मला वाकून नमस्कार केला. 'मावशी, काकांनी फार केलं आमच्यासाठी,' म्हणाल्या. मला त्यांचा राग यावा म्हणून मी तयारीत होते, तो काही आला नाही. बाळाचा मात्र आला. तो इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत आखडून बसला होता.

कॅमेरावाला खोलीभर फिरला आणि म्हणाला, 'इथे उजेड कमी आहे. त्या मागच्या बाल्कनीत घेऊ या.'

'तिथे नको,' बाळ म्हणाला. 'तिथे… कपडे आहेत.'

'छानच की, घरगुती वाटेल,' मॅडम म्हणाल्या.

मी उठले. 'चहा टाकते,' असं म्हणून बाळाकडे एकदा बघितलं आणि आत गेले.

गॅस पेटवला, आधण ठेवलं, पण कान बाहेर. साखर टाकली, चहापत्ती टाकली. मग खुर्ची सरकल्याचा आवाज, मग बाल्कनीच्या कडीचा. ती कडी घट्ट बसते, तिला दोनदा हिसका द्यावा लागतो, हे घरच्यांनाच ठाऊक. दोन्ही हिसके ऐकू आले. मग मॅडमचा आवाज, 'हे काय आहे, काका?'

आणि मग आमचा बाळ बोलायला लागला.

मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा मॅडम दारात उभ्या होत्या, चादर खाली पडली होती, कुंडी आडवी, आणि बाळ पोत्यांच्या मधे उभा राहून सांगत होता. फरशीवाला कधी गेला. पिशव्या कशा सुरू झाल्या. कोण कोण नेतं. गार्ड सलाम कसा ठोकतो. चक्की का हवी. 'हो मॅडम' म्हणालो ते खोटं होतं. इथे थांबला असता तर मी त्याची पाठ थोपटली असती. पण तो थांबेना. गेटजवळ त्यांच्या हातून जी झाडं लावली होती ती मेली, आणि माळी गुपचूप नवी आणून लावतो. कँटीनच्या नव्या कपांचे कान तुटतात म्हणून लोक जुनेच कप टेबलाखाली ठेवतात. सोमवारच्या सभेतलं मागच्यांना ऐकू येत नाही. एसी कमी करा म्हणून पाटी लावली तेव्हापासून अकाउंटवाले खिडकी उघडून एसी लावतात. त्याच्या आयुष्यातल्या सगळ्या न सांगितलेल्या वाईट बातम्या एकदम बाहेर पडायला लागल्या होत्या, आणि निम्म्यांचा बिचाऱ्या बाईशी संबंधही नव्हता.

'बाळ, पुरे,' मी म्हटलं.

'नाही मावशी, बोलू दे त्यांना,' मॅडम म्हणाल्या. चेहरा उतरला होता. कॅमेरावाल्याला त्यांनी खाली गाडीत जाऊन बसायला सांगितलं.

शेवटी बाळाचा श्वास संपला. मॅडम एका पोत्याच्या कडेला बसल्या. मोरपंखी जाळीचा एक तुकडा हातात घेऊन त्याच्या भोकांतून बोट फिरवत राहिल्या.

'मी परिषदेत सांगितलं सगळ्यांना,' त्या म्हणाल्या. 'परदेशातले बायर सोमवारी येतायत. शून्य बघायलाच येतायत. काका, तुम्ही मला सांगितलं का नाही?'

बाळाचा साठा संपला होता. मग मीच बोलले. खरं तर बोलायचं नव्हतं, पण इतके दिवस त्या पोत्यांना वळसा घालून कपडे वाळत घालत होते, तेही कुठेतरी निघायला हवं होतं.

'तुम्ही कधी विचारलंत का, की जाळी कुठे गेली?' मी म्हटलं. 'तुम्ही रोज एवढंच बघितलंत, की दिवा हिरवा आहे का. तो हिरवा होता. तुमच्या वडिलांना हा नुसता भ्यायचा, पण पिंपात काय आहे ते याला त्यांना सांगावं लागायचं नाही. त्यांचा हात पिंपात असायचा.'

त्या माझ्याकडे रागाने बघत राहिल्या. मला वाटलं आता उठून जातील. कोण कुठली म्हातारी, चहा द्यायचा सोडून शिकवायला लागली. पण त्या गेल्या नाहीत. ट्रेमधला कप घेतला आणि चहा निवला होता तरी प्यायला लागल्या.

'चक्कीची ऑर्डर राहील,' कप खाली ठेवून म्हणाल्या. 'फोरमनना मी फोन करते. आणि हे सगळं परत आणायचं. सगळ्यांच्या घरचं. काट्यावर चढवायचं.'

'मॅडम, दिवा लाल होईल,' बाळ म्हणाला. 'सोमवारी बायर…'

'होऊ दे लाल.' हे त्या काही फार धीराने म्हणाल्या नाहीत. आवाज बारीक झाला होता. 'मी सांगेन त्यांना. कसं सांगायचं ते अजून मला कळत नाहीये, पण सांगेन. आणि काका, तुमचा फोटो अहवालात येणार नाही.'

'नको मॅडम.'

'आणि मी तुमच्यावर रागावलेली आहे.'

'हो मॅडम.'

तेवढ्यात कॅमेरावाला वर आला. बाथरूम कुठे आहे विचारायला.

त्या गेल्यावर बाळ स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसला. जेवायची वेळ झाली नव्हती, तरी म्हणाला, भूक लागलीय. मी पोळी वाढली. अर्धी खाऊन झाल्यावर विचारतो, 'ताई, रागावल्या असतील का ग त्या?'

'रागावल्यात. त्यांनी स्वतः सांगितलं ना तुला.'

'हो, पण खरंच?'

मी आणखी एक पोळी वाढली. शनिवारी सकाळी टेम्पो येणार म्हणून तो पोती जिन्यात काढायला लागला आणि मी त्याच्यामागे झाडू घेऊन. जाळीचे बारीक तुकडे अजून फटींतून निघतायत. सोमवारी काय होईल ते त्या बाईला ठाऊक, आणि तिच्या बायरांना.

रात्री झोपण्याआधी डायरीत लिहिलं: शुक्रवार, ७ मार्च. बाल्कनी मोकळी झाली, पडदे वाळत घातले. स्वयंपाकघरातला नळ गळतोय. वायसर बदलायला प्लंबरला उद्या दुपारी बोलावलंय.